शिळ्या पावाचे पक्वान्न

कोणत्याही समाजाच्या पाकशास्त्राची परीक्षा सणावारी वाढल्या जाणाऱ्या पंचपक्वान्नांवरून करावी, असा सर्वसाधारण प्रघात असला, तरी आदल्या दिवशी उरलेल्या अन्नाची दुसऱ्या दिवशी काय तजवीज लावली जाते, हे पाहिल्यावाचून त्या समाजाच्या मुदपाकखान्याविषयी मत बनवू नये, असे मला वाटते. सणाच्या स्वयंपाकाला द्रव्याचे आणि हौसेचे पाठबळ असते. उरल्यासुरल्या अन्नावर संस्कार करताना मात्र गृहिणीला स्वतःच्या बुद्धीवर आणि अन्नाविषयीच्या आस्थेवरच विसंबावे लागते. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करून त्यात गूळ आणि तूप घालून लाडू वळणाऱ्या बाईने जे साधले, तेच इंग्लंडातील गृहिणीने शिळ्या पावाच्या बाबतीत साधले, आणि त्यातून ब्रेड पुडिंग हे पक्वान्न सिद्ध झाले. पाव, दूध, अंडी, साखर आणि लोणी एवढ्याच जिनसांचा हा पदार्थ. परंतु कड ठेवावी की काढावी, बेदाणे असावेत की नसावेत, पुडिंग घट्ट असावे की लुसलुशीत, गरम खावे की गार, यांपैकी एकाही प्रश्नावर त्याच्या दोन भोक्त्यांचे एकमत होत नाही. हे मतभेद केवळ जिभेच्या लहरीतून उत्पन्न झालेले नसून, त्यांच्या मुळाशी या पदार्थाचा इतिहास आणि त्याचे रसायन ही दोन्ही आहेत. म्हणून आपला निवाडा देण्यापूर्वी त्या दोहोंचा तपशील पाहणे इष्ट आहे.

पाव दुधात भिजवून गोड करून खाण्याची वहिवाट फार प्राचीन आहे. एपिकियस याच्या नावावर असलेला जो रोमन पाकग्रंथ चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास संकलित झाला असे मानतात, त्यात पांढऱ्या पावाची कड काढून त्याचे मोठाले तुकडे दुधात भिजवावेत, तळावेत आणि वर मध ओतावा, अशी कृती दिलेली आहे. फ्रान्समधील ‘पँ पेर्द्यू’, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात स्पेनमध्ये घरोघर होणारे ‘तोरिखास’ आणि पोर्तुगालमध्ये नाताळात होणारे ‘रबानादाश’ हे सर्व याच कुळातील असून, पाव भिजवून त्याचे तुकडे सुटे सुटे तळणे हा त्यांचा समान धर्म होय. इंग्लंडात मात्र या कल्पनेने निराळे वळण घेतले. डेव्हन परगण्यात प्रसिद्ध असलेल्या ‘व्हाइटपॉट’ नामक पदार्थात साय, अंडी, पाव आणि सुका मेवा एकत्र भाजीत असत, आणि सतराव्या शतकातील इंग्रजी पाकग्रंथांतून त्याच्या कृती आढळतात. सुटा तुकडा तळण्याऐवजी संपूर्ण पात्र एकजीव शिजविण्याची ही रीत स्थिरावल्यावर आजच्या ब्रेड पुडिंगचा पाया घातला गेला.

हॅना ग्लास या विदुषीचा ‘द आर्ट ऑफ कुकरी’ हा ग्रंथ 1747 साली प्रसिद्ध झाला. मोठ्या घरांतील नोकरचाकरांनाही वाचून समजावा अशा सुबोध भाषेत तो लिहिण्याची प्रतिज्ञा तिने प्रस्तावनेतच केली होती. पावाच्या पातळ चकत्यांना लोणी लावून त्यांचे थर रचावेत, थराथरांत बारीक मनुका पेराव्यात, आणि त्यांवर अंडी व जायफळ घातलेले गोड दूध ओतून ते भाजावे, ही तिची रीत आज अडीचशेहून अधिक वर्षे लोटली तरी तत्त्वतः बदललेली नाही. 1845 साली एलायझा अ‍ॅक्टन हिने आपल्या ग्रंथात साध्या आणि संपन्न अशा दोन्ही प्रकारच्या पुडिंगांना स्थान दिले. आणि याच बाईने पुढे 1857 साली केवळ पावावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, भेसळीच्या त्या काळात शुद्ध पाव घरी भाजण्याचा पुरस्कार केला, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. ज्या व्यक्तीला पावाविषयी आदर आहे, तिच्याच हातून त्याचे पुडिंग नीट होते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळदा दोन माणसे दोन वेगळ्या पदार्थांविषयी वाद घालीत बसतात. इंग्रजांच्या घरी ‘ब्रेड पुडिंग’ आणि ‘ब्रेड अँड बटर पुडिंग’ हे दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. पहिल्यात शिळा पाव पाण्यात किंवा दुधात भिजवून, पिळून, कुस्करून घेतात. त्यात चरबी अथवा लोणी, भरपूर मनुका आणि दालचिनी-जायफळादी मसाला मिसळतात. आणि भाजून गार झाल्यावर त्याचे चौकोनी, जड तुकडे पाडून ते हातात धरून खातात. दुसऱ्यात चकत्यांचा आकार कायम राहतो, त्यांच्यामधून मऊ कस्टर्ड खेळते, आणि तो पदार्थ ऊन ऊन वाढून चमच्याने खावयाचा असतो. पहिला कामकऱ्यांच्या डब्यातला, दुसरा मध्यमवर्गीयांच्या रविवारच्या मेजावरला. आपल्याकडे क्लबांतून, लष्करी मेसमधून आणि मुंबईच्या काही इराणी हॉटेलांतून जे ब्रेड पुडिंग मिळते, ते बहुधा या दोहोंच्या मधले असते, आणि त्यामुळेच त्याच्याविषयीच्या अपेक्षांत गोंधळ उडतो.

काटकसर हा या पदार्थाचा मूळ स्वभाव असल्याने, टंचाईच्या काळात त्याचे महत्त्व वाढावे हे स्वाभाविकच होते. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, ब्रिटिश सरकारने भट्टीतून काढल्यावर बारा तास उलटल्याशिवाय पाव विकू नये, असे फर्मान काढले. ताजा, ऊन पाव माणसे अधिक खातात आणि त्याच्या चकत्याही जाड पडतात, हा त्यामागील व्यवहारी हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धात 1940 साली अन्न वाया घालविणे हा दंडनीय अपराध ठरविण्यात आला, आणि 1942 पासून कोंड्याचा अंश अधिक असलेला करड्या रंगाचा ‘नॅशनल लोफ’ सर्वांच्या वाट्यास आला. नवल असे की, युद्ध चालू असताना पावावर रेशनिंग आले नव्हते. ते युद्ध संपल्यानंतर, जुलै 1946 मध्ये आले आणि जुलै 1948 पर्यंत राहिले. अशा दिवसांत पावाचा तुकडा आणि अंड्यांची पूड यांवर घरातल्या मुलांना गोड घास देऊ शकणारे पुडिंग हे त्या पिढीच्या गृहिणीला मोठेच साहाय्य ठरले असले पाहिजे.

पुढे समृद्धीचे दिवस आल्यावर याच पदार्थाला उंची मेजांवर मानाचे स्थान मिळाले. लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलचे एकेकाळचे स्विस पाकप्रमुख अँटन मोसिमान यांचे ब्रेड अँड बटर पुडिंग विख्यात आहे. त्यांनी पाव अत्यल्प ठेवून दूध, साय आणि अंडी यांचे प्रमाण वाढविले, आणि जड मानल्या गेलेल्या या पदार्थास तलमपणा आणला. अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स शहरी फ्रेंच धाटणीच्या लांब पावाचे पुडिंग करून त्यावर व्हिस्कीचा गोड रस ओततात. मेक्सिकोत ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात होणारी ‘कापिरोतादा’ याहून निराळी आहे: तीत भाजलेल्या पावावर दालचिनी-लवंग घालून उकळलेला गुळासारख्या साखरेचा पाक ओततात, आणि मनुका, शेंगदाणे यांच्या जोडीला चक्क चीजही घालतात, भाविक लोक त्यातील पावाला ख्रिस्ताचे शरीर, पाकाला रक्त आणि लवंगांना खिळे मानतात. इजिप्तचा ‘उम्म अली’ दूध, सुका मेवा आणि पातळ पापुद्र्यांचे तुकडे यांचा, अंड्यावाचून होतो. हैदराबादचा ‘डबल का मीठा’ आणि अवधचा ‘शाही तुकडा’ यांत पाव प्रथम तुपात तळून मग केशर-वेलचीच्या पाकात आणि आटवलेल्या दुधात मुरवितात. गोव्यात पाव आणला तो पोर्तुगिजांनी, आणि यीस्टच्या अभावी तेथील पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, पीठ फुगविण्यास माडाची सूर वापरली. तेथील ख्रिस्ती घरांतून जळवलेल्या साखरेचा थर साच्याच्या तळाशी देऊन पावाचे पुडिंग वाफवितात, ही पोर्तुगीज संस्काराची खूण होय. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच युक्ती सुचावी, याचे कारण पावाच्या शिळे होण्यातच दडलेले आहे.

पाव शिळा होतो म्हणजे त्यातील पाणी उडून जाते, अशी सामान्य समजूत आहे. परंतु 1852 साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, पाव हवाबंद ठेवून पाण्याचा अंश मुळीच कमी होऊ दिला नाही तरीही तो शिळा होतो, हे प्रयोगाने दाखवून दिले. एवढेच नव्हे तर तोच पाव पुन्हा ऊन केला असता मऊ होतो, हेही त्याने नोंदविले. याचा खुलासा असा की, भट्टीच्या उष्णतेने पिठातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांतील रेणूंची मूळची शिस्त मोडते. पाव निवाल्यानंतर हे रेणू हळूहळू पुन्हा ओळीने रचले जाऊ लागतात, आणि ही रचना जसजशी वाढते तसतसा पाव ताठर होतो. सुमारे 60 अंश सेल्सियसच्या वर तापविल्यास ही रचना पुष्कळशी विरघळते, म्हणून शिळा पाव शेकल्यावर ताजा भासतो. ही क्रिया फ्रीजमधील थंडाव्यात सर्वांत जलद घडते. पाव शीतकपाटात ठेवल्याने टिकतो, पण लवकर शिळा होतो, हा विरोधाभास यातूनच उद्भवतो.

पुडिंगाच्या दृष्टीने या ताठरपणाची किंमत फार आहे. ताजा पाव दुधात घातला की त्याच्या मऊ भिंती कोसळतात आणि त्याची लापशी होते. शिळ्या आणि थोड्या वाळलेल्या पावाच्या भिंती मात्र दूध आत घेऊनही उभ्या राहतात. म्हणजे जो दोष म्हणून पाव टाकून द्यावयाचा, तोच येथे गुण ठरतो. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्यात पाव वाळण्याआधी त्यावर बुरशी येते, हे मात्र विसरता कामा नये. बुरशीचे तंतू दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे खोलवर गेलेले असतात, तेव्हा डाग कापून उरलेला पाव वापरण्याचा मोह टाळून तो सरळ टाकून द्यावा. अशा दिवसांत चकत्या मंद आचेवर कोरड्या करून घेणे, हाच उत्तम मार्ग.

पावानंतरचा दुसरा घटक म्हणजे कस्टर्ड. अंड्यातील प्रथिने उष्णतेने उलगडून एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात दूध बांधून ठेवतात. नुसते अंडे 60 ते 70 अंशांच्या दरम्यान घट्ट होऊ लागते; दुधाने ते विरळ झाल्यावर आणि साखर मिसळल्यावर मात्र ही मर्यादा 80 अंशांच्या आसपास जाते. तेथून फार पुढे गेल्यास जाळे आक्रसते, पाणी सुटते, आणि कस्टर्ड फाटून त्यात दाणे पडतात. पावातील स्टार्च या फाटण्यास काही अंशी आवर घालतो, तथापि तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे. म्हणून पुडिंगाचे पात्र गरम पाण्याच्या परातीत ठेवून भाजण्याचा दस्तूर पडला. पाण्याचे तापमान उकळबिंदूच्या वर चढत नसल्याने कडा आणि मध्यभाग सारख्याच सौम्यपणे शिजतात. धसमुसळी आच हा या पदार्थाचा मुख्य शत्रू होय.

एवढा तपशील पाहिल्यावर आता वादाच्या मुद्द्यांकडे वळू. माझे पहिले आणि ठाम मत असे की, पुडिंग खाताना आपण पाव खात आहोत हे जिभेला कळले पाहिजे. मोसिमान यांच्या कौशल्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला म्हणावेसे वाटते की, ज्यात पाव नावापुरता उरतो ते उत्तम कस्टर्ड असेल, परंतु पुडिंग म्हणून ते अपुरे आहे. याच कारणास्तव मी कड काढण्याच्या विरुद्ध आहे. पावाच्या भाजलेपणाचा सारा खमंगपणा कडेत साठलेला असतो, आणि कडेचे जे कोपरे दुधाच्या वर राहून पुन्हा भाजले जातात, त्यांच्या कुरकुरीतपणामुळेच आतील मऊपणाला अर्थ येतो. दुकानातील कापलेला, स्पंजासारखा पाव या कामी दुबळा ठरतो. इराणी बेकरीतला कडक ब्रून किंवा गोव्यातील उंडो एक दिवसाचा झाल्यावर वापरला, तर त्याची बरोबरी कोणताही गुळगुळीत लोफ करू शकणार नाही.

दुसरा मुद्दा बेदाण्यांचा. ते अवश्य असावेत, कारण दूध-अंड्याच्या एकसुरी गोडीत त्यांची आंबटगोड चव जाग आणते. तासगाव-सांगलीकडचा हिरवट, किंचित आंबूस बेदाणा या कामी फार उपयोगी पडतो. मात्र ते ऊन पाण्यात भिजवून फुगवून घ्यावेत आणि थरांच्या आत पेरावेत. वर राहिलेला बेदाणा करपून कडू होतो, आणि या पदार्थावर रागावलेल्या पुष्कळ लोकांचा राग खरोखर त्या करपलेल्या बेदाण्यावरच असतो. तिसरा मुद्दा सुगंधाचा: येथे मी ग्लासबाईच्या पक्षाचा आहे. जायफळ हाच या पदार्थाचा स्वाभाविक सुगंध होय. व्हॅनिला चालेल, दालचिनी जड, कुस्करलेल्या पुडिंगात शोभते, पण चकत्यांच्या पुडिंगात ती दुधाला झाकून टाकते. चौथा मुद्दा उष्णतेचा. चकत्यांचे पुडिंग भट्टीतून काढताच खाऊ नये. पंधरा-वीस मिनिटे निवल्यावर, कोमट असताना त्यातील कस्टर्ड नीट बसते आणि जायफळाचा व लोण्याचा वास स्पष्ट कळतो. फ्रीजमध्ये गार केलेल्या पुडिंगातील पाव पुन्हा ताठरतो, आणि तो का ताठरतो हे वर आलेच आहे. राहता राहिला वरून ओतावयाचा रस: ज्या पुडिंगाला चॉकलेट, आइस्क्रीम किंवा कॅरमेल ओतून सजवावे लागते, त्याच्या पोटात काही तरी उणे आहे असे खुशाल समजावे.

आपल्या घरी हे करावयाचे झाल्यास फारसे साहित्य लागत नाही. 250 ग्रॅम शिळा पाव, 600 मिलिलिटर दूध, तीन अंडी, 80 ग्रॅम साखर, 50 ते 60 ग्रॅम लोणी, मूठभर बेदाणे, चिमूटभर मीठ आणि किसलेले जायफळ एवढे पुरे. आपल्याकडील म्हशीच्या दुधात स्निग्धांश मुळातच अधिक असल्यामुळे इंग्रजी कृतींतील साय येथे अनावश्यक आहे. चकत्यांना लोणी लावून थर रचावेत. कोमट दुधात साखर विरघळवून त्यात अंडी घुसळावीत, गाळून ते पावावर ओतावे, आणि भाजण्यापूर्वी निदान अर्धा तास मुरू द्यावे. ही मुरण्याची मुदत कमी केल्यास पावाचा गाभा कोरडा राहतो आणि कस्टर्ड तळाशी साचते; घाईत बिघडणाऱ्या पुडिंगांचे बहुतेक अपयश येथेच असते. नंतर 160 ते 170 अंशांच्या भट्टीत, पाण्याच्या परातीत ठेवून, सुमारे 40 ते 50 मिनिटे भाजावे. कडा बसलेल्या आणि मध्यभाग किंचित थरथरणारा दिसला की बाहेर काढावे. भट्टी नसेल तर पात्रावर झाकण ठेवून, शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये मंद आचेवर वाफविता येते. वरची कड तेवढी कुरकुरीत होणार नाही.

अंडे वर्ज्य असलेल्या घरांतून कस्टर्ड पावडरीचे पुडिंग केले जाते. ही पावडर आल्फ्रेड बर्ड या बर्मिंगहॅमच्या औषधविक्रेत्याने 1837 साली, आपल्या पत्नीला अंडी सोसत नसल्यामुळे, मक्याच्या स्टार्चपासून तयार केली. सोय म्हणून तिची योग्यता मोठी आहे. परंतु तिचे बसणे अंड्याच्या प्रथिनांमुळे नसून स्टार्चमुळे असल्याने, तिला उकळी फुटेपर्यंत शिजवावे लागते आणि तिचा पोतही निराळाच येतो. म्हणून शाकाहारी वाचकांना माझी शिफारस अशी की, अंड्याच्या पुडिंगाची नक्कल करण्यापेक्षा जो पदार्थ मुळातच अंड्यावाचून परिपूर्ण आहे, तो डबल का मीठा किंवा शाही तुकडा करावा. शिळा पाव वाया जाऊ न देण्याचा हेतू तेथेही तितकाच साधतो.

तेव्हा माझा निवाडा एवढाच आहे: पाव शिळा असावा, कड शाबूत असावी, दुधाला मुरण्यास वेळ द्यावा, आच मंद असावी, आणि पावाची चव झाकेल असे काहीही वर घालू नये. वाचकांपैकी कोणाला घट्ट, गार, मसालेदार तुकडा प्रिय असेल, तर त्याच्याशी माझे भांडण नाही, कारण त्याच्याही पक्षात जुनी परंपरा आहे. विनंती इतकीच की, घरात उरलेला पाव कचऱ्यात टाकण्यापूर्वी त्यावर बुरशी नाही याची खात्री करून घ्यावी, आणि मग थोडी साखर व दूध खर्चून त्याला पक्वान्नाच्या पंगतीत बसवून पाहावे.